एका संगणकात दोन ग्राफिक्स : बहुपडदा खेळ-संगणकातील बिघाडांचा इतिहास (१९८१ ते २०२२)

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक चिप आली, तिचा वेग आधीच्या चिपेच्या दुप्पट होता, अशी त्याची मांडणी असते. बिघाडांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वास्तविक यंत्र वापरणाऱ्याचा यंत्राशी खरा परिचय होतो तो ते अडते तेव्हाच. प्रस्तुत निबंधात संगणकातील एका विशिष्ट अडचणीचा, म्हणजे अंगभूत ग्राफिक्स आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही एकाच वेळी वापरून अनेक मॉनिटर चालवू पाहणाऱ्या संगणकातील बिघाडांचा, ऐतिहासिक अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तुत लेखक संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही. या विषयाशी संबंध आला तो घरगुती निमित्ताने. पुतण्याने खेळांसाठी एक संगणक जोडून घेतला. त्याच्या ग्राफिक्स कार्डाला दोन मॉनिटर जोडलेले होते. तिसरा, जुना मॉनिटर केवळ एचडीएमआयचा, आणि कार्डावर एचडीएमआयची जागा एकच, तीही भरलेली. मदरबोर्डाच्या मागील बाजूस तशीच एक मोकळी जागा दिसत होती, म्हणून तिसऱ्या मॉनिटरची केबल तेथे लावली. पडदा काळाच राहिला. जोडणी करून देणाऱ्या दुकानदाराने प्रथम केबल बदलली, नंतर मॉनिटरच नादुरुस्त ठरवला आणि शेवटी अधिक महागडे कार्ड घेण्याचा सल्ला दिला. यांपैकी एकही वस्तू नादुरुस्त नव्हती. जो 'बिघाड' म्हणून समोर आला होता, तो कोणीतरी, केव्हातरी, विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. तो कोणी व का घेतला, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

विषयाच्या स्पष्टीकरणासाठी दोन संज्ञा प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. अंगभूत ग्राफिक्स म्हणजे मदरबोर्डावरील चिपसंचात किंवा प्रोसेसरमध्येच सामावलेली चित्रनिर्मितीची व्यवस्था. तिला सामान्यतः स्वतःची मेमरी नसते. संगणकाच्या मुख्य मेमरीतूनच ती आपला वाटा घेते. स्वतंत्र ग्राफिक्स म्हणजे स्लॉटमध्ये बसवलेले, स्वतःची मेमरी आणि स्वतःचा पंखा असलेले कार्ड. पहिली व्यवस्था काटकसरीसाठी जन्मली, दुसरी सामर्थ्यासाठी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो; संगणकाच्या रचनाकारांनीही दीर्घकाळ तेच गृहीत धरले होते.

दोन कार्डे, दोन पत्ते

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासोबत दोन वेगवेगळी दृश्य कार्डे उपलब्ध होती. एमडीए हे एकरंगी कार्ड केवळ अक्षरे दाखवी, पण ती अत्यंत रेखीव. सीजीए हे रंगीत कार्ड चित्रे दाखवी, परंतु त्याची अक्षरे ओबडधोबड असत. पहिल्याजवळ ४ किलोबाइट मेमरी होती, दुसऱ्याजवळ १६ किलोबाइट. येथे महत्त्वाची बाब अशी की, या दोन कार्डांच्या मेमरीला संगणकात दोन भिन्न पत्ते दिलेले होते. त्यामुळे दोन्ही कार्डे एकाच संगणकात बसवता येत आणि दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवता येत. बहुपडदा संगणक ही अलीकडची चैन आहे असा जो समज आढळतो, तो या दृष्टीने बरोबर नाही. १९८२ च्या अखेरीस आलेल्या ऑटोकॅडमध्ये आज्ञा एका पडद्यावर आणि रेखाटन दुसऱ्यावर ठेवता येई. १९८३ मधील लोटस १-२-३ मध्ये आकड्यांचे तक्ते एकरंगी पडद्यावर आणि त्यांचे आलेख रंगीत पडद्यावर पाहता येत.

परंतु दोन पडदे असले तरी संगणकाच्या दृष्टीने 'चालू' पडदा एकच असे. मदरबोर्डावरील बारीक स्विचांनी सुरुवातीचा पडदा ठरवावा लागे. पुढे डॉसमधील मोड या आज्ञेने तो बदलता येई. ज्या प्रणालीला दुसऱ्या कार्डाची माहिती नसे, तिच्या लेखी दुसरा पडदा अस्तित्वातच नसे. शिवाय दोन्ही कार्डांच्या मागील बाजूस नऊ पिनांची सारखीच जोडणी होती. एकरंगी मॉनिटर चुकून रंगीत कार्डाला लावला, तर केवळ चित्र दिसत नसे असे नव्हे, तर मॉनिटरच जळण्याचा धोका असे. सारखी दिसणारी जागा म्हणजे सारखेच काम करणारी जागा, ही वापरणाऱ्याची स्वाभाविक समजूत तेव्हाही त्याला महागात पडू शकत होती.

१९८२ मध्ये आलेले हर्क्युलिस कार्ड या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. एकरंगी पडद्यावर रेखीव अक्षरांबरोबर चित्रेही दाखवणाऱ्या या कार्डात ६४ किलोबाइट मेमरी होती. तिचा पहिला अर्धा भाग एमडीएच्या पत्त्यापासून सुरू होई, तर दुसरा अर्धा भाग नेमका सीजीएच्या पत्त्यावर येई. म्हणजे शेजारी सीजीए कार्ड असेल तर एकाच घरावर दोघांचा हक्क निर्माण होई. यावर कंपनीने काढलेला तोडगा साधा होता : कार्ड 'पूर्ण' किंवा 'अर्धे' चालवण्याची सोय. सोबत रंगीत कार्ड असल्यास हर्क्युलिसने आपली अर्धी जागा सोडून द्यायची. दोन ग्राफिक्स एकत्र नांदवण्यासाठी एकाने स्वतःला आवरते घेण्याची ही तडजोड होती, आणि ती वापरणाऱ्याला स्वतः आज्ञा देऊन अमलात आणावी लागे. ज्याला हे ठाऊक नसे, त्याचा संगणक 'बिघडलेला' असे.

एकच वारस

१९८७ हे वर्ष या इतिहासात वळणाचे ठरले. त्या वर्षी आयबीएमने पीएस/२ मालिकेबरोबर व्हीजीए हे नवे मानक आणले. ते कार्डावर नव्हे, तर त्या मालिकेतील बहुतेक संगणकांच्या मदरबोर्डावरच होते. व्हीजीए जुन्या दोन्ही कार्डांची नक्कल करू शके आणि त्यासाठी दोघांचेही पत्ते आपल्याकडे घेऊ शके. सोय मोठी होती, किंमतही तशीच होती. दोन व्हीजीए एका संगणकात आले की दोघेही तेच पत्ते मागणार. त्यामुळे संगणक सुरू होताना बायॉसने एकालाच वारस नेमायचे आणि दुसऱ्याला गप्प बसवायचे, ही रीत पडली. याच वर्षी ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश २ या संगणकात अनेक कार्डे बसवून एकच कार्यपृष्ठ कित्येक मॉनिटरांवर पसरता येत होते. म्हणजे अडचण तंत्राच्या मर्यादेची नव्हती. आधीच्या सर्व प्रणाली नव्या यंत्रावर चालल्याच पाहिजेत, या आयबीएमच्या जगातील आग्रहाची ती किंमत होती. हा आग्रह व्यापारदृष्ट्या योग्यच होता, हेही मान्य करावे लागेल.

विंडोज ९८ ने १९९८ मध्ये एकाहून अधिक कार्डांवर कार्यपृष्ठ पसरण्याची सोय दिली. पण त्याच सुमारास मदरबोर्डाच्या रचनेत उलट दिशेचा प्रवास चालू होता. इंटेलने आणलेला एजीपी हा ग्राफिक्सचा खास स्लॉट १९९७ पासून मदरबोर्डांवर दिसू लागला, आणि तो प्रत्येक बोर्डावर एकच असे. १९९९ मधील इंटेल ८१० चिपसंचात ग्राफिक्स अंगभूत होते आणि एजीपी स्लॉट मुळीच नव्हता. स्वस्त संगणकासाठीच त्याची रचना होती. २००० मधील ८१५ चिपसंचात दोन्ही होते, मात्र एका वेळी एकच. स्लॉटमध्ये कार्ड बसवले की अंगभूत ग्राफिक्स बंद होई, कारण आतून दोघांचा मार्ग एकच होता.

यातून उद्योगाची एक धारणा स्पष्ट होते. अंगभूत ग्राफिक्स हे गरिबाचे ग्राफिक्स. ज्याच्याजवळ कार्ड घेण्याइतके पैसे आले, त्याला त्याची गरज उरत नाही, असे मानले गेले. ती दोन्ही एकत्र वापरावीत असे कोणाला वाटेल, ही शक्यताच विचारात घेतलेली नव्हती. पुढे एजीपी मागे पडला, २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस आला, आतील मार्ग वेगळे झाले. तरी 'कार्ड आले की अंगभूत बंद' हा नियम बायॉसमध्ये सवयीने टिकून राहिला. कारण नाहीसे झाल्यावरही रूढी उरते, हे इतिहासाच्या अभ्यासकांना नवे नाही.

खेळणारे आणि त्यांचे पडदे

अनेक पडद्यांची ओढ खेळणाऱ्यांमध्ये जुनीच आहे. 'डूम' या १९९३ मधील खेळाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत तीन संगणक नेटवर्कने जोडून समोरचे, डावीकडचे आणि उजवीकडचे दृश्य तीन पडद्यांवर पाहता येत असे; ही सोय पुढील आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. मॅट्रॉक्स कंपनीच्या जी४०० कार्डाने १९९९ मध्ये एकाच कार्डावरून दोन मॉनिटर चालवणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले, तर त्याच कंपनीच्या पार्हेलिया कार्डाने २००२ मध्ये तीन पडद्यांवर खेळ पसरवून दाखवला. एटीआय कंपनीने २००३ पासून आपल्या काही चिपसंचांत सराउंडव्ह्यू ही सोय दिली. तीत अंगभूत ग्राफिक्स बंद न करता त्याच कंपनीच्या कार्डाबरोबर चालू ठेवले जाई आणि तिसरा मॉनिटर मदरबोर्डाला जोडता येई. पुतण्याने जे करू पाहिले, ते वीस वर्षांपूर्वी जाहीर झालेले होते. अट एवढीच की दोन्ही घटक एकाच घराण्याचे असावेत.

ही अट किती निर्णायक होती, ते २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी खुले झाल्यावर दिसून आले. विंडोज एक्सपीमध्ये दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदत. व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची संपूर्ण रचना बदलली. त्यामागील हेतू चांगला होता : ड्रायव्हर कोसळला तरी संगणक कोसळू नये, आणि अनेक प्रणालींनी ग्राफिक्सची मेमरी वाटून घ्यावी. परंतु नव्या रचनेच्या पहिल्या आवृत्तीत एका वेळी एकच ड्रायव्हर चालू शके. एका कंपनीचे अंगभूत ग्राफिक्स आणि दुसऱ्या कंपनीचे कार्ड ही जोडी एक्सपीवर सुरळीत चालत असेल, तर व्हिस्टा बसवताच एक पडदा काळा होई. यंत्र तेच, केबल तीच, मॉनिटर तोच. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ७ ने ही मुभा पुन्हा दिली. मधल्या पावणेतीन वर्षांत ज्यांनी आपले चांगले कार्ड बाद समजून बदलले असेल, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. बिघाडांचा इतिहास लिहिण्यातील ही मोठी उणीव होय. कंपन्यांच्या घोषणा जपल्या जातात, वापरणाऱ्यांची हकनाक झालेली पदरमोड जपली जात नाही.

याच काळात, २००८ मध्ये, एनव्हीडिया आणि एएमडी (जिने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली होती) या दोघांनीही अंगभूत व स्वतंत्र ग्राफिक्स जोडीने वापरण्याच्या 'हायब्रिड' योजना आणल्या. दोन्ही योजना आपापल्या घराण्यापुरत्याच होत्या, आणि दोन्ही फार काळ टिकल्या नाहीत.

प्रोसेसरच्या पोटात

जानेवारी २०११ मध्ये इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसर आणले आणि त्यांत ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपेवर आले. आता कार्ड घेणाऱ्याच्याही घरात अंगभूत ग्राफिक्स आपोआप येऊन बसले. मात्र त्यासोबत आलेल्या चिपसंचांची वाटणी चमत्कारिक होती. पी६७ मध्ये प्रोसेसरचा वेग वाढवता येई, पण अंगभूत ग्राफिक्सला बाहेर पडण्यास वाटच नव्हती. एच६७ मध्ये वाट होती, पण वेग वाढवण्याची मुभा नव्हती. खेळणाऱ्यांनी अर्थातच पी६७ घेतले आणि विकत घेतलेले अर्धे यंत्र न वापरता ठेवले. मे २०११ मधील झेड६८ ने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. अनेक झेड६८ बोर्डांसोबत लुसिड या इस्रायली कंपनीचे व्हर्चू हे सॉफ्टवेअर मिळे. मॉनिटर मदरबोर्डाला जोडायचा की कार्डाला, यानुसार त्याच्या दोन पद्धती होत्या. दोन बड्या कंपन्यांमधील सांधा जोडण्यासाठी तिसऱ्याच लहान कंपनीला यावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कारण मूळ प्रश्न सांध्याचाच होता. इंटेल आपल्या ग्राफिक्सची हमी देई, एनव्हीडिया आपल्या कार्डाची, मदरबोर्ड बनवणारा आपल्या बोर्डाची, मायक्रोसॉफ्ट आपल्या प्रणालीची. या चौघांमधील सांधा कोणाच्याच हमीत बसत नव्हता. तो सांधा सांभाळण्याचे काम वापरणाऱ्यावर आणि त्याच्या गल्लीतील दुरुस्तीवाल्यावर येऊन पडले.

त्या वर्षांत हा सांधा जुळवण्याची गरजही खरी होती. एनव्हीडियाची बहुतेक खेळ-कार्डे तेव्हा दोनच मॉनिटर चालवीत; त्या कंपनीच्या तीन पडद्यांच्या योजनेसाठी २०१० मध्ये सर्वसाधारणपणे दोन कार्डे लागत. तिसऱ्या पडद्यासाठी दुसरे कार्ड घेण्यापेक्षा मदरबोर्डावरील जागा वापरणे हा शहाणपणाचा मार्ग होता. २०१२ मधील जीटीएक्स ६८० पासून एका कार्डावर चार मॉनिटर चालू लागले. एएमडीने २००९ मध्येच आयफिनिटी आणून तीन पडदे एका कार्डावर दिले होते. परंतु तेथेही तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टला जोडावा लागे. जुन्या पद्धतीच्या जोडण्यांसाठी कार्डात वेळ मोजणारी दोनच घड्याळे होती. साधे, स्वस्त अडॅप्टर लावून तिसरा जुना मॉनिटर जोडला तर त्याला घड्याळच उरत नसे आणि पडदा काळा राही. 'ॲक्टिव्ह' अडॅप्टर घेतला की तो उजळे. हे रहस्य ठाऊक नसल्याने किती मॉनिटर दुकानांत परत गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

लॅपटॉपमध्ये मात्र हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत गेला. तेथे बॅटरी वाचवण्याची निकड होती. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हीडियाने ऑप्टिमस पद्धत आणली. तीत कार्ड चित्र तयार करी आणि ते अंगभूत ग्राफिक्सच्या मेमरीत उतरवून देई. पडद्याचा ताबा अंगभूत ग्राफिक्सकडेच राही. सामर्थ्य एकाचे, दार दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था पुढे विंडोजने मुळातच स्वीकारली. एप्रिल २०१८ च्या विंडोज १० मधील सुधारणेपासून कोणत्या प्रणालीने कोणते ग्राफिक्स वापरावे हे सेटिंगमधूनच ठरवता येऊ लागले.

आजचे बिघाड, कालचे निर्णय

या पार्श्वभूमीवर पुतण्याच्या संगणकाकडे पाहिले असता त्यातील प्रत्येक अडचण एखाद्या उत्खननातील थराप्रमाणे आपला काळ सांगू लागते. सर्वांत वरचा थर अगदी अलीकडचा आहे. काही प्रोसेसरांत ग्राफिक्स मुळीच नसते. २०१७ मधील एएमडीचे पहिले रायझन तसे होते. इंटेलने २०१९ पासून नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असलेले तसे प्रोसेसर विकले. तरीही मदरबोर्डावर एचडीएमआयची जागा असतेच, कारण तोच बोर्ड ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरलाही चालतो. तेथे केबल लावणे म्हणजे भिंतीवर रंगवलेल्या दारावर टकटक करण्यासारखे आहे. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेपासून एएमडीने जवळजवळ सर्व प्रोसेसरांत लहानसे ग्राफिक्स दिले, तेव्हा हा घोळ एका बाजूने तरी कमी झाला. पुतण्याचा प्रोसेसर तपासला. त्यात ग्राफिक्स होते. तेव्हा दोष त्या थरात नव्हता.

त्याखालचा थर ८१५ चिपसंचाच्या काळातील. बायॉसमध्ये अंगभूत ग्राफिक्सचा पर्याय 'ऑटो'वर होता, आणि त्या बोर्डावर 'ऑटो'चा अर्थ कार्ड दिसताच अंगभूत बंद, असा होता. कोणी त्याला आयजीपीयू मल्टी-मॉनिटर म्हणतो, कोणी आणखी काही. हे नावही बोर्डागणिक वेगळे असल्याने दुकानदाराला दोष देणे कठीण आहे. पर्याय चालू केला, पहिला पडदा म्हणून कार्डच निवडले, इंटेलचा ड्रायव्हर बसवला आणि तिसरा मॉनिटर उजळला. मुख्य मेमरीतील थोडा भाग त्याने आपल्याकडे घेतला, तेवढेच.

गोष्ट येथे संपली नाही. दोन दिवसांनी तक्रार आली की खेळ अडखळतो. पाहिले तर खेळाची खिडकी तिसऱ्या मॉनिटरवर उघडत होती. चित्र कार्ड तयार करी, परंतु प्रत्येक चौकट तेथून मुख्य मेमरीमार्गे अंगभूत ग्राफिक्सकडे नेऊन मगच दाखवावी लागे. ऑप्टिमसची ती रीत येथे कोणी मागितलेली नसताना लागू झाली होती. त्याच पडद्यावर कार्डाची खास वैशिष्ट्येही उपलब्ध नव्हती, कारण तो पडदा कार्डाच्या मालकीचाच नव्हता. खेळ कार्डाला जोडलेल्या मॉनिटरवर आणला, तोच मुख्य पडदा ठरवला, तिसऱ्यावर केवळ पत्रव्यवहार आणि गप्पांच्या खिडक्या ठेवल्या. अडखळणे थांबले.

डिस्प्लेपोर्टचे एचडीएमआय करणारा एक साधा अडॅप्टर घेतला असता तर तिसरा मॉनिटरही कार्डालाच जोडता आला असता आणि हा सारा खटाटोप टळला असता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कार्डाची चार मॉनिटरांची मर्यादा ओलांडायची नसेल तर तोच मार्ग अधिक सरळ आहे. पुतण्याने तो नाकारला. प्रोसेसरसोबत अंगभूत ग्राफिक्सचे पैसे आधीच दिलेले आहेत, तर ते का वापरू नये, असे त्याचे म्हणणे होते. पी६७ घेणाऱ्यांना २०११ मध्ये हा प्रश्न विचारता आला नव्हता. दुकानदाराने नादुरुस्त ठरवलेला तो जुना मॉनिटर आजही त्याच्या मेजावर, मदरबोर्डालाच जोडलेला, चालू आहे.